ओट्याखालची मोकळी जागा

शोरूमला निघताना मी पर्समध्ये दोन डब्या टाकल्या. एकीत तेलात कालवलेली हळद, दुसरीत लिंबाची फोड. लिफ्टमध्ये अमितने नाक वर केलं. "आई, कसला वास येतोय?"

"परीक्षेचा," मी म्हटलं. माझा मुलगा असून त्याने कपाळाला हात लावला. सून पल्लवी मात्र हसली. ती हसते छान, पण हसण्यावरून माणूस ओळखता आला असता तर मग काय हवं होतं?

माझी सगळी नोकरी नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये तपासणीत गेली. छापलेल्या कागदांची चळत समोर यायची. बोटाने कडा सरकवत नजर फिरवायची, आणि जिथे रेघ हललेली, शाई फिकी दिसली, तो कागद बाजूला काढायचा. तो असा का झाला हे विचारायचं काम आमचं नव्हतं. दिसलं की काढलं. मी निवृत्त झाले, नजर काही निवृत्त झाली नाही. दूधवाला, भाजीवाली, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळे माझ्या नजरेखालून जातात. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, "ज्योत्स्ना, देव प्रसन्न झाला तरी तू आधी त्याला उजेडात धरून बघशील." बघीन की. बघायला काय हरकत आहे?

जेलरोडच्या आमच्या फ्लॅटमधला जुना कडाप्प्याचा ओटा सिंकपाशी तडकला होता, म्हणून नवा करायचं ठरलं. मी म्हटलं, काळा ग्रॅनाइट टाका, विषय संपला. पल्लवीला क्वार्ट्झ हवा होता, तोही पांढरा. पांढरा ओटा आणि मराठी स्वयंपाक! कोणाला सांगून खरं वाटेल?

शोरूममधला भारत नावाचा सेल्समन तोंडाचा गोड होता, म्हणजे तिथूनच सावध राहायला हवं होतं. त्याने सांगितलं, दगडाचा चुरा करतात, त्यात चिकटवणारं रसायन घालतात आणि दाबून त्याची लादी बनवतात.

"म्हणजे हा दगड नाही," मी म्हटलं.

"काकू, नव्वद टक्के दगडच असतो."

"आणि उरलेला?"

तो हसला. मी नमुन्याच्या तुकड्यावर हळद फासली, शेजारी लिंबू पिळलं आणि म्हटलं, आता चहा मागवा. चहा होईपर्यंत हळद तशीच राहिली. ओल्या फडक्याने पुसली तर निघाली, हे मला कबूल करावं लागलं. मग त्याने स्वतःहूनच सांगितलं की गरम कढई थेट ठेवायची नाही, खाली काहीतरी घ्यायचं, नाहीतर पडलेला डाग कायमचा. जो दगड कढईला घाबरतो तो कसला दगड, असं मी म्हणणार होते, पण तेवढ्यात माझं लक्ष पल्लवीकडे गेलं.

ती एका मोठ्या लादीपाशी उभी होती. दोन्ही तळवे लादीच्या कडेवर टेकून, अंगाचा सगळा भार त्यावर टाकून. जरा वेळ तशीच राहिली आणि मग भारतला विचारलं, "असं वजन दिलं तर कड तुटणार नाही ना? मला जाड, गोल कड हवीय. हातात धरता येईल अशी."

ओट्याची कड हातात कशाला धरायची? मी पुढे सरकले. पल्लवीने आवाज खाली आणला, पण माझे कान अजून चांगले आहेत. ती सांगत होती की ओट्याचा एक भाग खाली घ्यायचा, जेवणाच्या टेबलाएवढा, आणि त्याच्याखाली काही करायचं नाही. कपाट नाही, ड्रॉवर नाही. मोकळं सोडायचं.

"हे कशाला गं?" मी विचारलं.

"पोळ्या लाटायला बरं पडतं, आई. बसून."

"बसून? स्वयंपाकघरात?"

पल्लवीने अमितकडे पाहिलं आणि अमितने मोबाइलकडे. पाणी कुठेतरी मुरत होतं.

घरी आल्यावर मी एकेक गोष्ट आठवत गेले. गेल्या काही महिन्यांत या घरात बरंच काही मला न विचारता झालं होतं. बाथरूमच्या भिंतीला स्टीलची दांडी बसली. "घसरायला नको," अमित म्हणाला. घसरतंय कोण? मी अजून धडधाकट आहे, रोज सकाळी चालून येते. पल्लवीने तिची स्कूटर विकली आणि रिक्षाने ऑफिसला जायला लागली. हॉलमधला खाली बसायचा दिवाण गेला, उंच सोफा आला. आणि आता हा बुटका ओटा.

त्यातच एका संध्याकाळी पल्लवी गॅलरीत फोनवर बोलत होती. मी वाळलेले कपडे काढायला गेले होते, मुद्दाम नाही. ती म्हणत होती, "आई, तू रडू नकोस. ओटा होऊ दे एकदा. मग सगळं सोपं जाईल."

तिची आई म्हणजे अक्काबाई, सिन्नरला राहते. नवरा नाही, मुलगा परगावी, घरात एकटी. गुडघे पार गेलेले. मागच्या संक्रांतीला मी गेले होते तेव्हा तिची व्यवस्था बघितली होती: गॅस एका बुटक्या टेबलावर, समोर प्लास्टिकची खुर्ची, आणि बाई खुर्चीत बसून भाकरी थापतेय. टेबलाखाली गुडघे घातलेले. टेबलाची उंचीही मला आठवली.

दोन कागद एकावर एक ठेवून उजेडात धरावेत तसं सगळं जुळलं. दांडी, सोफा, खालचा ओटा. विहीणबाई मुक्कामाला येत होत्या, आणि मला सांगायची कोणाला गरज वाटली नव्हती.

मला राग आला, हे तर आहेच. पण खरं सांगते, रागापेक्षा भीती जास्त वाटली. अक्काबाई माणूस वाईट नाही. पण एका स्वयंपाकघरात दोन म्हाताऱ्या, त्यातली एक सुनेची सख्खी आई, म्हणजे दुसरीने काय ते समजून घ्यावं. ती ऐसपैस खुर्चीत बसून फोडण्या घालणार, लेक तिला "आई, मीठ बघ गं" म्हणणार, आणि मी माझ्याच घरात पाहुणीसारखी हॉलमध्ये टीव्ही बघत बसणार. हे घर मी आणि ह्यांनी पाळ्या करून, डबे खाऊन उभं केलं होतं. त्यातला ओटा एवढाच काय तो माझा उरला होता, आणि आता तोही चालला होता.

पल्लवीवरचा माझा विश्वास तर त्याआधीच उडत चालला होता. ही पोरगी वर्षभरात भलतीच सुस्तावली होती. एक मजला चढायचा तरी लिफ्ट. सत्यनारायणाला पाटावर न बसता खुर्चीवर बसली, ब्राह्मणासमोर! सोफ्यावरून उठायचं तर मांड्यांवर हात टेकून, म्हातारीसारखी. मी एकदा म्हटलंही, "अगं, वय काय तुझं आणि उठतेस कशी?" ती म्हणाली, "ऑफिसात बसून बसून जड झालेय, आई."

ओटा बसला. कारागिरांनी लाद्या कापून आणल्या होत्या, जोड कुठे आहे ते बोट फिरवूनच कळावं इतकं काम सफाईदार. पांढऱ्यावर बारीक राखाडी कण. दिसत होता देखणा, पण मी तसं म्हटलं नाही. गॅसचा भाग नेहमीच्या उंचीचा आणि खिडकीकडचा तो भाग खाली.

संध्याकाळी मी पाणी प्यायला आत गेले तर पल्लवी तिथे खुर्ची ओढून बसली होती. गुडघे ओट्याखाली, दोन्ही हात दगडावर पालथे, डोळे मिटलेले. चेहऱ्यावर असं काही समाधान, की जणू मोठं काम पार पडलं. आईची सोय लागली, मी मनात म्हटलं, आणि पाणी न पिताच परत फिरले.

दुसऱ्या दिवशी दोघं ऑफिसला गेल्यावर मी गोटीरामला फोन केला. गोटीराम म्हणजे आमचा सुतार. मी म्हटलं, खिडकीकडच्या ओट्याखाली ड्रॉवर बसवायचे आहेत, पूर्ण रुंदीचे, खालपर्यंत.

"पण ताई, पल्लवीताईंनी ती जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. दोनदा बजावलं होतं."

"घर माझ्या नावावर आहे का पल्लवीताईंच्या?"

गोटीराम माप घेऊन गेला आणि त्याच आठवड्यात, घरात मी एकटी असताना, येऊन ड्रॉवर बसवून गेला. काम चोख. बोटाने ढकललं तरी आत सरकत. मी त्यांत चमचे, झारे, नॅपकिन, रिकाम्या पिशव्या, जे हाताला लागेल ते भरून टाकलं. आता बसा म्हणावं खुर्ची टाकून.

पल्लवी ऑफिसातून आली. पर्स ठेवून आत गेली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. मी पाठमोरी भाजी परतत होते, पण खिडकीच्या काचेत मला ती दिसत होती. ती हळूहळू पुढे आली, वरच्या ड्रॉवरची मूठ धरली, ओढला, परत लावला.

"तुम्ही करून घेतले का, आई?"

"हो. जागा वाया जात होती."

ती म्हणाली, "चांगले आहेत."

भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. जे भांडत नाहीत त्यांच्या मनात काहीतरी असतं. अमितने ती कसर भरून काढली. चपला काढायच्या आधीच ओरडला, "आई, कोणाला विचारून केलंस हे? तुला काही कळतं का?" मीही आवाज चढवला. पल्लवीने त्याचा दंड धरला. "अमित, राहू दे. प्लीज. मी करीन काहीतरी." तो तिच्याकडे बघत राहिला आणि बाहेर निघून गेला. मी विहिणीची सोय मोडली म्हणून मुलाने एवढं अंगावर यावं? मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पल्लवीने पोळ्या केल्या. खुर्ची आडवी लावली, ड्रॉवरला एक बाजू करून बसली आणि कमरेतून वळून, तिरकी होऊन लाटत राहिली. अवघडलेली दिसत होती. मी ते पाहिलं. पाहून मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

रविवारी सकाळी दोघं कुठेतरी बाहेर गेली. "काम आहे," एवढंच सांगितलं. ती गेली आणि थोड्या वेळाने बेल वाजली. दारात अक्काबाई. एका हातात काठी, दुसऱ्या हातात भली मोठी पिशवी. सिन्नरहून बसने आली होती, घामाघूम. मी पिशवीकडे पाहिलं. आली एकदाची, मी मनात म्हटलं.

पाणी प्यायली आणि तशीच आत निघाली. "ओटा दावा की, विहीणबाई. पोरगी लय सांगत व्हती." दारातून बघितला आणि म्हणाली, "आग बया, पांढराधोट! लय भारी झालाय." मग तिची नजर खाली गेली. "आन हे काय? हितं मोकळं ठेवनार व्हते ना?"

मी याच क्षणाची वाट बघत होते. "मीच बसवून घेतले. तुमची गैरसोय होईल थोडी, पण आता काय करणार?"

"माझी? माझी कशी व्हईल?"

"अक्काबाई, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? तुम्ही इथे राहायला येणार आहात, हे मला केव्हाच कळलंय. तुमच्या गुडघ्यांसाठी ओटा खाली घेतला, तुमच्यासाठी बाथरूमला दांडी लागली. मला सरळ सांगितलं असतं तर मी काय नाही म्हटलं असतं?"

नाही म्हटलं असतं, पण तो भाग वेगळा.

अक्काबाई खुर्ची ओढून बसली, काठी मांडीवर आडवी ठेवली.

"माझ्या गुडघ्यांसाठी?" ती म्हणाली. "आवं, माझ्यासाठी आसता तर म्या देवीला नारळ फोडला आसता. तुमाला पोरांनी कायच सांगितलं नाय?"

"काय सांगितलं नाही?"

तिने पदराचा बोळा तोंडाला लावला. मी तिच्यासमोर उभी होते, हात कमरेवर, तशीच.

"पल्लीच्या मांड्यांतलं बळ चाललंय. आतलं मांस सुकत जातं म्हनत्यात. मोठ्या डागदरानं सांगितलं, याला आवषिद नाय. आता काठी लागंल, मंग खुर्ची, चाकाची. हात मातर ऱ्हातील, लय दिस ऱ्हातील. तवा ती म्हनली, आई, हात हायेत तवर घरात माझ्या हातची पोळी झाली पायजे. म्हनून हा ओटा. म्हनून खाली मोकळं. चाकाची खुर्ची आत जायाला."

मी ओट्याला टेकले. लिफ्ट, स्कूटर, पाटाऐवजी खुर्ची, मांड्यांवर टेकलेले हात, शोरूममधल्या लादीवर टाकलेला भार. सगळं मी पाहिलं होतं, एकही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नव्हती.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

अक्काबाईने काठीशी चाळा केला. "राग नका धरू, ताई."

"बोला."

"ती म्हनली, आईंना कळलं तर त्या रोज माझे पाय बघतील. सकाळी उठल्या की तपासतील, आज किती बळ गेलं. मला तसं नाय जगायचं, म्हनली."

पिशवीतून अक्काबाईने बाजरीचं पीठ आणि वालाच्या शेंगा काढून ओट्यावर ठेवल्या. कपडे नव्हतेच त्यात. डोळे पुसून म्हणाली, "म्या सांगितलं म्हनू नका. पोरगी माझ्यावर इसवास ठेवती."

मी हॉलमध्ये गेले, ह्यांच्या जुन्या अवजारांच्या पेटीतून स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि परत येऊन ओट्यासमोर जमिनीवर बसले.

"आवं, काय करताय?"

"तुम्ही चमचे काढून घ्या," मी म्हटलं.

विहीण खुर्चीत बसून ड्रॉवर रिकामे करत होती आणि मी एकेक ओढून बाहेर काढत होते. ड्रॉवर सहज निघाले. चौकट निघेना. गोटीरामने स्क्रू तर मारले होतेच, वर गोंदही लावला होता. मी भिंतीकडून ओढलं, खालून ढकललं, घामाने साडी ओली झाली. शेवटी कोपऱ्यातला वरवंटा उचलला आणि आतून बाहेर फळीवर ठोके घातले. अक्काबाई म्हणाली, "जपून, बाई, जपून." तिसऱ्या की चौथ्या ठोक्याला फळी मोडली, आणि तिच्याबरोबर ओट्याच्या कडेचा बोटाच्या पेराएवढा टवका उडाला. ती जाड, गोल कड. मी तो टवका उचलून हातात धरला. आत तसाच पांढरा होता, राखाडी कणांसकट. मला रडू फुटलं. अक्काबाईने माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी तो ठेवू दिला.

ती दोघं दुपारी परत आली तेव्हा मोडक्या फळ्या गॅलरीत होत्या आणि जमीन झाडून झाली होती. अक्काबाई हॉलमध्ये पडली होती. पल्लवी स्वयंपाकघरात आली. तिने ओट्याखाली पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, ड्रॉवर?"

"अडकत होते. काढून टाकले."

अडकत नव्हते, हे तिलाही ठाऊक होतं. तिने स्वतः ओढून पाहिले होते. मी कणकेची परात तिच्यासमोर ठेवली, पोळपाट-लाटणं ठेवलं, खुर्ची सरळ लावली.

"बस. पोळ्या व्हायच्यात अजून. तू लाट, मी भाजते."

ती बसली. गुडघे आत गेले, खुर्ची ओट्याला लागली. तिने सवयीने कडेवर हात टेकला आणि तिचं बोट टवक्यापाशी थांबलं. अंगठा त्यावरून एकदा फिरला, पुन्हा फिरला.

"इथे कड गेलीय."

"माझ्याच हातून गेली," मी म्हटलं. "वरवंट्याने."

ती माझ्याकडे बघत असणार. मला ते पाठीवर कळत होतं. मी वळले नाही. विचारलं तर काय सांगायचं हे मी ठरवलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नाही. थोड्या वेळाने लाटण्याचा आवाज सुरू झाला.

"तवा तापलाय," मी म्हटलं.

तिने पोळी पुढे केली. एका बाजूला जाड होती, दुसरीकडे कागदासारखी पातळ, मधे एक चीर. एरवी अशी पोळी मी दुमडून बाजूला ठेवली असती, गाईला म्हणून. ती मी तव्यावर टाकली, फुगेल तेवढी फुगू दिली आणि तूप लावून माझ्या ताटात घेतली.